आधी ब्लॉक मागून घ्या

ताई, अण्णांच्या कॅन्सरवर दुसरं मत घ्यायला त्यांना घेऊन मुंबईला निघण्याआधी इथल्या लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (काढलेला तुकडा बसवलेल्या मेणाच्या वड्या) आणि काचेच्या स्लाइड सही करून ताब्यात घ्या. परळच्या टाटा मेमोरियलला नुसता रिपोर्ट चालत नाही, स्लाइड पुन्हा बघतात. आईच्या वेळी मी कागदांची जाडजूड फाइल घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो आणि ब्लॉकसाठी हात हलवत मिरजेला परत आलो. आठवडा गेला. ब्लॉक मेणाचे असतात, गाडीत उन्हात ठेवू नका. सीटी स्कॅनची सीडीही मागा. इथल्या डॉक्टरांपासून लपवू नका. दुसरं मत घेतोय म्हटलं तर चांगला डॉक्टर रागवत नाही, उलट चिठ्ठी देतो. केमो सुरू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय तारीख मात्र चुकवायची नाही.