मम्मीला कुणी विचारलं का?

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पप्पा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एल्डर (वडील मंडळींपैकी एक पदाधिकारी) आहेत. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला गेला, अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) बैठकांना जाऊ लागला आणि आता ‘मी नास्तिक आहे’ म्हणतो. गेल्या वर्षी मम्मीची बायपास झाली. चर्चमध्ये साक्ष देताना पप्पा म्हणाले, ‘प्रार्थनेनं वाचली, देव आहे याला आणखी काय पुरावा पाहिजे?’ भाऊ म्हणतो, ‘सर्जननं वाचवली.’ रोज रात्री जेवताना हाच वाद. पप्पा म्हणतात, तू सांग त्याला. तो म्हणतो, तू सांग त्यांना. पाळकसाहेबांना (आमच्या पास्टरना) घरी बोलवू का?
– मध्ये अडकलेली, शाहूपुरी

उत्तर : अगं, दोघंही आपापल्या जागी बरोबर, असं म्हणून तुझी बोळवण करणार नाही. मम्मी कशानं बरी झाली, एवढ्यापुरतं मला भावाचं म्हणणं पटतं. अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी भाविकांनी नेमानं प्रार्थना केली, काहींसाठी नाही. प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की ठाऊक होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच दिसली. शिवाय प्रार्थना होऊनही ज्यांची आई गेली, त्यांनी पप्पांच्या साक्षीतून काय समजायचं?

पण यावरून ‘देव नाही’ हे सिद्ध झालं असं भाऊ म्हणत असेल, तर तेही चूक. त्या अभ्यासात तपासला तो एका ठरावीक पद्धतीनं केलेल्या प्रार्थनेचा परिणाम, देवाचं असणं-नसणं नाही. आणि पप्पांचा विश्वास ऑपरेशनच्या आधीपासूनचा आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मम्मी गेली असती तरी तो बहुधा टिकला असता. मग तो या पुराव्यावर उभाच नाही. हा एक पुरावा सोडून दिला तर पप्पांचं काय जाणार आहे?

विश्वाच्या आरंभाचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मितीला दुजोरा पाहिला, तर लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. विज्ञान आणि श्रद्धा ते वेगळी ठेवत आणि धर्मगुरू शेवटपर्यंत राहिले. पप्पांना हे सांगून बघ. आणि येशूचा शिष्य थोमा याचीही आठवण दे. येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तरी आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं.

भावालाही सांग, दाभोलकर आयुष्यभर म्हणत आले की अंनिसचा विरोध देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. पप्पा कुणाचं शोषण करत नाहीत. बायको जगली म्हणून ते हात जोडतात.

आता मला खरं खटकलेलं सांगते. तुझं पत्र दोनदा वाचलं. मम्मी काय म्हणते, याची त्यात एक ओळ नाही. छाती उघडली तिची, मरणाच्या दारातून आली ती, आणि ती कशी वाचली याचा निकाल रोज तिच्यासमोर बाकीचे लावतायत. तिला त्याचा किती त्रास होत असेल, या विचारानं मला राहवत नाही. तिला एकटीला गाठ आणि विचार. कदाचित ती प्रार्थनेचं श्रेय देईल, कदाचित सर्जनचं, कदाचित दोन्हींचं. ते काहीही असो, ताटावर हा विषय नको असं तिला वाटत असेल, तर तू दोघांना स्पष्ट बजाव. यांचा निरोप त्यांना, त्यांचा यांना, हे मात्र आजपासून बंद कर.

पाळकसाहेबांना वादासाठी बोलावू नकोस. एका बाजूला एल्डर आणि पाळक, दुसरीकडे एकटा पोरगा. तो एक तर गप्प बसेल, नाहीतर उद्धट बोलून बसेल. मम्मीची विचारपूस करायला ते आले तर मात्र जरूर येऊ देत. रविवारी उपासनेला बसायची सक्ती भावावर नको, पण मम्मीला चर्चला सोडायला आणि आणायला त्यानं जावं. आणि डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला तिला त्यानं आणि पप्पांनी मिळून न्यावं. तू त्या दिवशी जाऊ नकोस.