नंबर गेला तर जाऊ दे

निपाणीच्या ताई,

तुमची लेक 9 वर्षांची, दीड वर्षापासून टाईप 1 मधुमेह. दिवाळीच्या सुट्टीत दिरांच्या घरच्यांबरोबर बेंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरला पार्कला जायचं ठरलंय आणि सासूबाई म्हणतात, "पोरीला माझ्याजवळ ठेवून जावा." कारण उन्हाळ्यात दुसऱ्या एका पार्कात रांगेत पाऊण तास उभी असताना तिची शुगर 58 वर आली होती. दारावर ग्लुकोजचा डबाही काढून घेतला होता. तुम्ही विचारलंय, तिला न्यावं का, आणि नेलं तर सगळ्यांदेखत "पुढे सोडा" म्हणणं बरं दिसेल का?

न्या. तिला घरी ठेवलंत तर हा आजार म्हणजे शिक्षा, एवढंच तिच्या डोक्यात बसेल.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. हातपाय थरथरत असताना ती गप्प का राहिली, तर "दादाचा नंबर गेला असता." माझ्या बहिणीच्या मुलाचंही असंच व्हायचं. सौंदत्तीच्या डोंगरावर दर्शनाच्या रांगेत तो घामाने निथळत होता आणि विचारलं की "काही नाही" म्हणायचा. ताई, पोरीला रांगेपेक्षा ही भीती जास्त घातक आहे. म्हणून निघण्याआधी घरात सगळ्या पोरांना समोर बसवून सांगा, की तिने हात वर केला की नंबर गेला तरी चालेल, कुणी तोंड वाकडं करायचं नाही. हे दिरांनी सांगितलं तर जास्त बरं.

आता मागण्याबद्दल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यांत टाईप 1 नाही, त्यामुळे तिथे हक्क सांगून भांडण्यात अर्थ नाही, विनंतीच करायची. रांगेत लवकर पुढे सोडणारं फास्टट्रॅकचं तिकीट परवडत असेल तर घ्या. नाहीतर "पुढे सोडा" न म्हणता "नंबर राखू द्या" म्हणा. मोठ्यांपैकी एकाने रांगेत उभं राहायचं, पोरीने सावलीत बसायचं आणि पाळी जवळ आली की यायचं. मागच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवलं की सहसा कुणी अडवत नाही. कुणी "आजारी दिसत तर नाही" म्हणालंच, तर तिथे उत्तर देत बसू नका.

दारावर अडवतील म्हणून डॉक्टरांचं पत्र न्या: ग्लुकोज, खाऊ, इन्सुलिनचं पेन, सुया, मीटर बरोबर असणं गरजेचं आहे, असं स्पष्ट लिहिलेलं. सीबीएसईने 2017 साली अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा खाऊ न्यायला परवानगी दिली, मग पार्कात का नको? पत्राखाली दोन ओळी कन्नडमध्ये लिहून घ्या. लेकीला शाळेत कन्नड असेलच; "शुगर कडिमे आगिदे" एवढं तिला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

खरा घोळ जेवणाच्या रांगेत होतो. घरच्या सवयीने आपण जेवणाआधी इन्सुलिन देतो, आणि काउंटरवर अर्धा तास जातो. जलद इन्सुलिन 10-15 मिनिटांत काम सुरू करतं, ते ताटाची वाट बघत नाही. त्या दिवशी ताट हातात आल्याशिवाय सुई नाही.

शुगर 70च्या खाली गेली की ग्लुकोज पावडर पाण्यात द्या. साधारण हिशेब किलोला 0.3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोच्या पोरीला 9 ग्रॅम, सुमारे दोन चमचे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, तोवर पाळण्यात बसवायचं नाही. डब्यात कुंदा किंवा करदंट असेल तर ते यासाठी नाही, त्यातल्या खव्याने-सुक्यामेव्याने साखर हळू चढते. चिकट बोटावर आकडा खोटा जास्त येतो, म्हणून आधी हात धुवा. पोर बेशुद्ध झाली तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर चढवणारं इंजेक्शन) दिलं असेल तर ते टोचा आणि 108 लावा.

पेन गाडीत तापत ठेवू नका आणि बर्फालाही लावू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पिशवीत घालून वरून ओलं सुती फडकं गुंडाळलं तरी पुष्कळ गार राहतं. पाळण्यातून उतरल्या उतरल्या आकडा चढलेला दिसला तर घाईने जादा डोस देऊ नका, धाकधुकीनेही तो चढतो. दिवसभराच्या चालण्याचा परिणाम मात्र रात्री दिसतो. परतीच्या बसमध्ये ती गाढ झोपली तरी दोनच्या सुमाराला एकदा बोट टोचाच. रात्रीचा डोस किती कमी करायचा, ते आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी तो 58चा आकडा ऐकलाय आणि त्या घाबरल्यात. शक्य असेल तर त्यांनाही बरोबर न्या. पाळण्यात त्या बसणार नाहीत, मग सावलीतल्या बाकावर नातीला जवळ घेऊन, ग्लुकोजचा डबा मांडीवर धरून त्यांच्याइतकं निष्ठेने कोण बसेल?

तुमची,
आक्का