बाईंना विचारा : सत्तेचाळिसाव्या वर्षी टीईटी द्यायची?

नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला आहे. पूर्वी पालकांची पत्रं जास्त असायची, आता शिक्षकांची असतात. म्हणून या वेळी सुरुवात त्यांच्यापासून.

बाई, मी जुन्नर तालुक्यात एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते पाचवी. वय ४७. डी.एड. करून २००२ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा टीईटीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आता म्हणतात दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी बसा. माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या शेजारी बसून मी परीक्षेचा अभ्यास करायचा? माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज इंजिनिअर आहेत. अपमान वाटतो. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीची धास्ती वाटते.
– एक शिक्षक, जुन्नर तालुका

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अपमान वाटतो हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, ते बरं केलंत. अनेक जण ते रागाच्या आड लपवतात.

तुमचं दुःख मला रास्त वाटतं. मी पुण्यात अध्यापक विद्यालयात शिकवत होते तेव्हा तुमच्याच वयाची पिढी समोर बसायची. डी.एड.ला प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. खेड्यातली हुशार मुलं बारावीला चांगले गुण मिळवून यायची, कारण घरच्यांना लवकर हातभार लावायचा असायचा. त्या वेळच्या सगळ्या अटी पुऱ्या करून तुम्ही नोकरीत आलात. टीईटीची अट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० साली घातली आणि आपल्या राज्यात पहिली परीक्षा झाली डिसेंबर २०१३ मध्ये. नंतर आलेला नियम आधी लागलेल्यांना लावणं मला पटलेलं नाही. संघटना त्यासाठी दाद मागत असतील तर त्यांच्यासोबत जरूर राहा. पण अभ्यास त्यांच्या यशावर सोडू नका. दोन्ही एकाच वेळी चालू दे.

निकाल नेमका काय आहे ते एकदा शांतपणे पाहू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या दहा आवृत्त्या फिरत आहेत. ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला होता, त्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत काम करता येईल, मात्र पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली होती, त्यांनी निकालापासून दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. नाही झाले तर सेवा सोडावी लागेल, नियमाने बसणारे निवृत्तीचे लाभ मिळतील. तुमची अकरा वर्षं बाकी आहेत, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, तो तुम्हाला लागू नाही.

आता परीक्षा. तुम्ही पहिली ते पाचवीला शिकवता, म्हणजे पेपर एक. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. बालविकास व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, आणि राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. २०२१ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणजे ही कटकट एकदाच. केंद्राची सीटीईटीही चालते, पण तिची मुख्य प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते, मराठी फक्त भाषा विषय म्हणून घेता येते. तुम्ही राज्य परीक्षा परिषदेचीच द्या.

इंग्रजीची धास्ती आहे ना? मग हिशोब मांडा. इंग्रजीत तीसपैकी पंधराच मिळाले असं धरू. उरलेल्या चार विषयांत १२० पैकी ७५ हवेत. वीस वर्षं मराठी, गणित आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. आणि पंधरा मिळवायला सुद्धा फार मागे जायला नको. उतारा वाचून उत्तरं, काळ, शब्दयोगी अव्ययं, विरुद्धार्थी शब्द यावर भर द्या. पाचवी ते आठवीची बालभारतीची इंग्रजी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथून सुरुवात करा, अप्पा बळवंत चौकातली जाडजूड गाइडं नंतर. मात्र मागच्या प्रश्नपत्रिका हव्यातच, त्या घड्याळ लावून सोडवा.

बालविकासाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. हा विषय मी शिकवला आहे आणि तुमच्यासारखे अनुभवी शिक्षक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग ही मानसशास्त्रज्ञांची नावं पाहून पुस्तक मिटू नका. तुमच्या दुसरीच्या वर्गात एक प्रयोग करा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या, मुलांकडून ‘सारखं आहे’ असं वदवून घ्या. मग एका पेल्यातलं पाणी त्यांच्यादेखत उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, आता जास्त कुठे? काही मुलं बाटलीकडे बोट दाखवतील. काही म्हणतील, ‘गुरुजी, तेच तर पाणी आहे!’ पियाजेने हेच पाहिलं आणि ज्याला हे उमगतं ते मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेत, साधारण सात ते अकरा वर्षांच्या टप्प्यात आलं असं म्हटलं. व्हायगॉट्स्कीचंही तसंच. एखाद्या मुलीला हातच्याची वजाबाकी एकटीला जमत नाही, पण शेजारची मैत्रीण ‘दशकाकडून एक घे’ एवढं कुजबुजली की जमते. एकटीला येतं ते आणि थोड्या मदतीने येतं ते, यांच्यामधली जागा त्याने दाखवली. दोनशिक्षकी शाळेत तुम्ही चौथीच्या मुलाला दुसरीच्या मुलाशेजारी बसवता तेव्हा रोज त्याच जागेत काम करत असता. तुमच्याकडे उदाहरणं आहेत, पुस्तकात नावं आहेत. ती जुळवत गेलात की पाठांतराची गरजच उरत नाही. रोज एक संकल्पना घ्या, तिच्यासमोर आपल्या वर्गातल्या एका मुलाचं नाव लिहा.

वेळेचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहित्या आणि ‘आजच्या आज पाठवा’ असे निरोप यांत दिवस जातो. परीक्षा सक्तीची केली तर अभ्यासाला वेळ देणंही शासनाचं कर्तव्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डाएटने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, यासाठी वर्ग घ्यायला हवेत. तोवर आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्या. सगळ्यांना एकच पेपर द्यायचा आहे, एकमेकांची लाज कशाला? तिथे एक प्रश्नपत्रिका मिळून सोडवा. ज्याचं इंग्रजी बरं आहे तो इंग्रजी सांगेल, तुम्ही गणित सांगा.

आणि मुलाच्या शेजारी बसाच. त्याला बारावीचं ओझं आहे, तुम्हाला टीईटीचं. रात्री दोघांचा चहा एकदम होईल.

बाई, मी एम.एस्सी. बी.एड., वय २६. वाकडमधल्या एका खासगी इंग्रजी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पगार चौदा हजार, नेमणुकीचं पत्र अजून दिलेलं नाही. आई-बाबा म्हणतात आयटीतला टेस्टिंगचा कोर्स कर. मागच्या आठवड्यात वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर कसं दिसू लागतं ते दाखवलं, तर मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मुलं उठेनात. हे सोडवत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, पुणे

बाळ, आधी कागद. शासनमान्य खासगी शाळांना खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे. लेखी नेमणूक मागणं हा उद्धटपणा नव्हे. अर्ज दे, पोच घे, स्वतःकडे प्रत ठेव. पगार बँकेत जमा होत नसेल तर तोही तसा मागून घे.

मग दारं कुठली उघडी आहेत ते बघ. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बी.एड.वर पहिली ते पाचवीला लागता येत नाही, तिथे डी.एल.एड.च, म्हणजे पूर्वीचं डी.एड., लागतं. सहावी ते आठवीला टीईटीचा दुसरा पेपर हवा, तो गणित-विज्ञान घेऊन दे. नववी-दहावीला आणि तुझ्या एम.एस्सी.मुळे कनिष्ठ महाविद्यालयालाही टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे गुण, दोन तास. यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, गुणांवरच शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड होते, म्हणून प्रत्येक गुण मोलाचा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० मानधन. आईबाबांना हा आकडा आधीच सांग. पुढे वेतनश्रेणी आहे हेही सांग.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. टेट २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत कितीतरी गुणी मुलंमुली सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसून राहिली आणि वर्गापासून तुटली. तू तसं करू नकोस. नोकरी चालू ठेव, पहाटे तासभर बुद्धिमत्तेची उदाहरणं कर आणि आणखी दोन वर्षं स्वतःला दे. त्यानंतर पैशांची फारच ओढ झाली तर कोर्सचा विचार कर, त्यात कमीपणा नाही. पण तुझ्या पत्रात पगाराला एक ओळ आहे आणि नाण्याला दोन.

आमच्या शाळेत आता मुलं निबंध चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. ‘माझी आजी’ या विषयावर सगळ्यांच्या आज्या प्रेमळ आणि सुरकुतलेल्या हातांच्या. शिक्षा करावी का?
– मराठीच्या शिक्षिका, हडपसर

शिक्षा नको, विषय बदला. ‘आजीला विचारा : शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, का सुटली, त्या दिवशी घरात काय चाललं होतं? तिचे शब्द जसेच्या तसे लिहा.’ आजी गावी असेल तर फोनवर विचारू दे. लेखन वर्गातच, वहीत, तुमच्यासमोर. घरून फक्त माहिती आणायची. वाचताना प्रत्येकाला एक तोंडी प्रश्न विचारा, इतकं पुरे होतं.

नमस्कार बाई. माझं वय ५२. सातवीनंतर शाळा सुटली. सुनेने हे पत्र लिहून दिलंय असं समजू नका, मीच लिहितेय. मला दहावी करायची आहे. कोथरूडला राहते, दुपारी पोळ्यांची कामं असतात. नातेवाईक हसतात. गणित येईल का?
– एक वाचक

ताई, तुमचं अक्षर नीटनेटकं आहे आणि पत्रात खाडाखोड नाही. परीक्षेला याचा उपयोग होतो.

मार्ग दोन आहेत. एक, मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणं. तो ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल, आधार आणि फोटो लागेल. तुमच्या जुन्या शाळेत दाखल्यासाठी आजच अर्ज करा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. फॉर्म भरताना जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, अंतर्गत गुणांचं काम तिथे होतं. दुसरा मार्ग रात्रशाळा. पुण्यात पूना नाईट हायस्कूलसारखी जुनी रात्रशाळा आहे, दिवसा काम करणाऱ्यांसाठीच ती चालते. सोबत शिकणारं कुणी असलं की उमेद टिकते, म्हणून शक्य असेल तर मी रात्रशाळा निवडेन.

हसणाऱ्यांसाठी एक नाव सांगते, पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्व्यांच्या मेहुण्या. लहान वयात वैधव्य आलं, शिक्षण त्यानंतर सुरू झालं, पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी काम केलं, आणि १९१८ साली या बाई संस्थेच्या कामासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. तुमच्या कोथरूडहून हिंगणं म्हणजे आजचं कर्वेनगर, चालत जाता येईल इतकं जवळ.

गणित येईल. बीजगणित आणि भूमिती, लेखी चाळीस-चाळीस गुण, वीस अंतर्गत. पण दहावीचं पुस्तक आत्ता उघडूच नका. पाचवीचं घ्या, अपूर्णांकांपासून. किती किलो कणकेच्या किती पोळ्या आणि गिऱ्हाईक वाढलं तर कणीक किती, हे तुम्ही रोज मनात करता, ते गुणोत्तर-प्रमाणच आहे. कागदावर मांडायची रीत तेवढी शिकायची. मग सहावी, सातवी. दिवाळीपर्यंत आठवी गाठा.

दाखला मिळाला की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. गणितासाठी मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे यायला चालेल. येताना पाचवीचं पुस्तक आणि एक चौकटीची वही आणा.