पलीकडे गेलेला तीन

“मॅडम, माझंही गणित कच्चंच होतं. तेच हिच्यात उतरलंय का?” धनकवडीहून आलेल्या आईनं खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. मुलगी नववीत, नाव बदलून श्रावणी म्हणू. बीजगणिताच्या चाचणीत २० पैकी ४. ती शेजारी दप्तराचा पट्टा पिळत बसलेली.

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, सहामाहीनंतर तर जास्तच. अशा वेळी मी आधी वही मागते. गुण मला नको असतात, खाडाखोड हवी असते.

वहीत होतं, ३क्ष + ५ = २०. त्याखाली ३क्ष = १५. त्याखाली क्ष = १२.

“बारा कसे गं?”

“तीन पलीकडे गेला ना. पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, अधिकचं उणे होतं.”

क्लासमध्ये घोकून घेतलेला नियम तिनं इमानेइतबारे पाळला होता. पाच उणे झाला, मग तीननं काय घोडं मारलंय? मला ही चूक आवडली, खरं सांगते. ३क्ष मध्ये गुणाकाराचं चिन्ह लिहायचं नाही ही आपली सोय. जे चिन्ह दिसतच नाही ते उलटायचं कसं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वडील रिक्षा चालवतात, हे बोलण्यात आलं होतं. मी म्हटलं, “पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ धर. भाडं झालं ५९. गिऱ्हाईक किती लांब गेलं?”

“साडेतीन,” कागदाला हातही न लावता. “पंचवीस बाजूला काढले, राहिले चौतीस. सतरा दुणे चौतीस. दोन आणि वरचे दीड.”

आई बघतच राहिली. मी १७क्ष + २५ = ५९ एवढंच लिहून वही तिच्याकडे सरकवली. आधी वजाबाकी, मग भागाकार, हे तिनं आत्ताच तोंडी केलं होतं. बराच वेळ तिनं दोन्ही समीकरणं खालीवर पाहिली आणि न सांगता १२ खोडून ५ लिहिले.

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजण्यातच येणारी शिकण्याची अडचण, असलेली मुलं बहुधा फार आधीपासून अडखळतात. सुट्टे पैसे, घड्याळ, दोन संख्यांतली मोठी कोणती, असल्या साध्या गोष्टींतच. तसं दिसलं तर मी तपासणी करून घ्यायला सांगते. इथे मला तशी शंका आली नाही. रक्तातून काय उतरलं ते मी सांगू शकत नाही. पण “आपल्याकडे कुणालाच गणित येत नाही” हे वाक्य त्या घरात जेवणाच्या ताटाइतकं रोजचं होतं.

पुढच्या भेटीत घातांक. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, हिचं उत्तर चारचा सातवा घात. मी सगळे दोन सुटे लिहायला लावले. मोजले, सात भरले. गुणाकार १२८. मग चारचा सातवा घात काढायला सांगितला. तो १६,३८४ आल्यावर ती स्वतःच “ईऽऽ” म्हणाली. पाचचा शून्यावा घात शून्य का नाही, हेही असंच उतरत गेलो: १२५, २५, ५, दर पायरीला पाचनं भागायचं, पुढची पायरी १.

प्रमाणात मात्र ती अडली. ४ माणसं ६ दिवसांत घर रंगवतात, तर ८ माणसं? तिरकस गुणाकार करून १२ दिवस! “माणसं वाढवून काम लांबलं होय?” आता गणित मांडण्याआधी उत्तर वाढणार की घटणार, याचा बाण समासात काढायचा असं ठरलंय. बाण काढायला ती अजून विसरते.

परवा दोघी आल्या. नव्या चाचणीत २० पैकी ११.

“अकराच,” आई म्हणाली.

श्रावणीचा हात पुन्हा दप्तराच्या पट्ट्याकडे गेला. मी तिला बाहेर पाणी प्यायला पाठवलं आणि आईला म्हटलं, “ताई, जरा बसा.”