पूर ओसरल्यावर आरोग्यसेवा सर्वांपर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न : पूर ओसरला, आरोग्य शिबिरं सुरू झाली, पण लाभ रस्त्यालगतच्या वस्त्यांनाच मिळतोय. आखणी कशी करावी?

उत्तर : शिबिराच्या नोंदवहीवरून आखणी करू नका, तिथवर येऊ शकले त्यांचीच नावं तिच्यात असतात. आधी घरोघर जाऊन यादी करा : गरोदर स्त्रिया, अपंग, अंथरुणाला खिळलेले, क्षयरोग, मधुमेह, अपस्माराचे आणि डायलिसिसवरचे रुग्ण. यांचे उपचार तुटणं जिवावर बेतू शकतं. क्षयरोगाच्या औषधांत खंड पडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. भाडेकरू आणि स्थलांतरित मजूर यादीतून गळतात, कारण कागदपत्रं मागितली जातात. ती मागूच नका.

पाणी माणशी रोज किमान १५ लिटर, २५० माणसांमागे एक नळ, घरापासून ५०० मीटरच्या आत. क्लोरीन टाकून अर्ध्या तासाने तपासा, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरायला हवं. गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटीने पाणी निवळून घ्या. शौचालय २० जणांमागे एक, स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आतून कडी आणि रात्री दिवा हवाच. नाहीतर बायका पाणी पिणंच कमी करतात.

दर आठवड्याला रुग्णसंख्या वस्तीनिहाय मांडा. जिथून एकही रुग्ण आला नाही, तिथे सर्वांत आधी जा.