इराणी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीन-ए-खल्क या इराणी संघटनेच्या नेत्यांवर एवढी टीका का होते?

मुख्य कारण म्हणजे सदस्यांच्या खासगी आयुष्यावरचा ताबा. संघटनेचे प्रमुख मसूद रजवी १९८१ मध्ये इराणमधून पॅरिसला पळून गेले. १९८५ मध्ये त्यांनी जवळच्या सहकाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीशी, मरियमशी, लग्न केलं आणि त्यालाच ‘वैचारिक क्रांती’ ठरवलं. पुढच्या वर्षी सद्दामच्या आश्रयाने ते इराकला गेले.

१९८८ मध्ये इराणवरची त्यांची चढाई फसली. चूक नेत्याची, पण खापर फुटलं सदस्यांच्या माथी: तुमचं मन संसारात अडकलंय! मग सक्तीचे घटस्फोट आले. १९९१ मध्ये शेकडो मुलांना आईवडिलांपासून तोडून परदेशी पाठवलं. सुरक्षेसाठी, असं संघटना सांगते. बाहेर पडू पाहणाऱ्यांना एकांतकोठडी आणि मारहाण सोसावी लागली, अशा माजी सदस्यांच्या साक्षी मानवाधिकारांसाठी काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉचने २००५ मध्ये छापल्या. संघटनेने आरोप फेटाळले; मला त्या साक्षी विश्वासार्ह वाटतात.

इराणी राजवटीने १९८८ मध्ये याच संघटनेच्या हजारो कैद्यांना फाशी दिलं, हे भयंकर सत्य आहे. पण त्याने रजवींना सूट मिळत नाही. मसूद २००३ पासून लोकांसमोर आलेले नाहीत. सूत्रं मरियमकडे आहेत, तळ आता अल्बेनियात.