आजीची जवसाची चटणी आणि तुझी स्मूदी

चि. मनू,

परवा फोनवर विचारलंस, "आई, रूममेट म्हणते फ्लॅक्ससीड, म्हणजे आपलं जवस, सुपरफूड आहे. मग आजी त्याची नुसती चटणीच का करते? मी स्मूदीवर आख्खेच टाकते, चालतं ना?"

चालतं, पण अंगी लागत नाही. जवसाचं साल टणक, आख्खा दाणा बहुतेक वेळा आला तसाच निघून जातो. कुटला की मगच आतलं तेल मिळतं. आजी चवीसाठी कुटते, फायदा आपसूक होतो.

तिची रीत लिहून ठेव. लोखंडी तव्यावर मंद आचेवर जवस कोरडे भाजायचे. तडतडून उडायला लागले की लगेच ताटात काढायचे, रेंगाळलीस की कडू. गार झाले की लसूण, तिखट, मीठ, चिमूटभर जिरं घालून खलबत्त्यात. तुझ्याकडे मिक्सर आहे, तर थांबत थांबत फिरव, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीबरोबर, वर कच्चं तेल. (पोळीबरोबर मला नाही आवडत.)

मोठा चमचाभर कुटलेल्या जवसात, म्हणजे साधारण 7 ग्रॅममध्ये, 2 ग्रॅमच्या आसपास तंतू (फायबर) आणि दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-3 ही उपयोगी चरबी. मासे न खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मोलाचं. तरी माशातलं ओमेगा-3 वेगळं, जवसातल्याचं शरीर त्यात फार थोडंच रूपांतर करतं. पोट साफ राहतं, पण पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर उलटंच होईल. कोलेस्टेरॉल थोडं उतरतं म्हणतात ते खरं, पण आजीची गोळी काही त्याने सुटली नाही. आठवड्यापुरतीच कर, फ्रिजमध्ये ठेव. कुटलेलं जवस लवकर खवट होतं.

आजी जुलैत इथे कॅनडात, सस्कॅचेवानला आली होती, आठवतं? शहराबाहेर निळं शेत दिसलं तशी गाडी थांबवायला लावली. "अगं, हे तर आपलं जवस!" तिच्या भंडाऱ्याकडे धान कापायच्या आधीच उभ्या बांधीत (भाताच्या खाचरात) जवस फेकतात, उरलेल्या ओलीवर येतं. दुपारी परतताना तिला पुन्हा बघायचं होतं, तर पाकळ्या गळून गेलेल्या. "सकाळचंच फूल ते," म्हणाली.

बाबांबरोबर बरणी पाठवतेय. आणि हो, गॅरेजमधली बॅटला चोळायची बाटलीही जवसाच्याच तेलाची, पण ती भाकरीवर घेऊ नकोस!

तुझी,
आई